माझ्या नरकाची काळजी करू नका

ती. आई-बाबा, सा. न.

मी मजेत आहे, तब्येत ठणठणीत. आई, तू परवा रडवेली होऊन "चर्चला जायला लागलास का" विचारलंस, त्याचं फोनवर धड उत्तर देता आलं नाही म्हणून लिहितोय. धर्मबिर्म काही बदलत नाहीये. घरमालकीणबाईंनी बोलावलं म्हणून गेलो, एवढंच, आणि नाही कसं म्हणणार?

पण एक सवय मला अजून झेपत नाही. त्यांच्या चर्चची माणसं जरा ओळख झाली की सरळ विचारतात, मेल्यावर कुठे जाणार ते पक्कं आहे का? धमकी नाही हं, खरंच काळजीने. येशूवर विश्वास नसेल तर नरक, आणि आपल्यासारखं पाप फेडलं की सुटका, पुढचा जन्म असलं काही नाही, बायबलमधल्या मत्तयच्या २५ व्या अध्यायात म्हटलंय तशी सार्वकालिक शिक्षा. मी म्हटलं, सत्तर-ऐंशी वर्षांच्या पापाला न संपणारी शिक्षा हा कुठला न्याय? तर थॉमस ॲक्वायनस या मध्ययुगातल्या ख्रिस्ती पंडितापासूनचं उत्तर तयार, की गुन्हा किती वेळ केला ते नाही, कोणाचा केला ते बघायचं. भावाला चापट मारणं आणि आजोबांना मारणं सारखं का? मग देव तर अनंत. मला नाही पटलं, करणाऱ्याची ऐपतपण बघा की!

त्यांच्यातही एकमत नाहीच. ओरिजेन म्हणून तिसऱ्या शतकातला एक विद्वान, त्याला आशा होती की शेवटी सगळेच देवाकडे परततील, सहाव्या शतकात चर्चने ते मत धिक्कारलं. काही म्हणतात दुष्ट जळत राहत नाहीत, नष्टच होतात. आणि ज्यांच्यापर्यंत ख्रिस्त पोचलाच नाही, त्यात त्यांचा दोष नसेल तर त्यांचंही तारण, म्हणजे नरकातून सुटका, होऊ शकते असं १९६४ साली कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलंय. हे बाईंना ऐकवलं तर म्हणाल्या, आम्ही कॅथलिक नाही.

मग विचारलंच, आमची आजी कुठे असेल? बाई गप्प. मी युधिष्ठिराची गोष्ट सांगितली, स्वर्गात दुर्योधन आणि नरकात भाऊ दिसल्यावर मी इथेच राहतो म्हणाला ती. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते." आता अशा बाईशी भांडू कसा! आजीच्या वेळी मी आलो नाही हे त्यांना सांगितलं नाही.

बाबा, हप्त्याचे पैसे पुढच्या आठवड्यात टाकतो, नक्की. तुम्ही विचारत नाही तेच जास्त लागतं. फोटो पाहिला, मुलगी छान आहे, पण लगेच हो म्हणू नका. आणि चर्चचं मुलीकडच्यांना आत्ताच सांगू नका.

तुमचा,
बाळू