जपानच्या त्या परिच्छेदासाठी, ताई, तुमचे मनापासून आभार

ताई, नमस्कार.

यूपीएससीच्या प्रीलिम्सच्या यादीत माझा नंबर आलाय हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "छान, आता मेन्सला लाग" एवढं बोलून फोन ठेवलात आणि मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते, पण सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत जे बसतात त्यांना कळेलच कुणाबद्दल चाललंय.

सीसॅटचं, म्हणजे प्रीलिम्सच्या फक्त पास व्हायच्या दुसऱ्या पेपरचं गणित तुम्हाला माहितीये, ८० प्रश्न, २०० मार्क, ६६ पडले की झालं. मागच्या वेळी जीएस, म्हणजे सामान्य अध्ययनाचा पेपर, चांगला जाऊनही मी सीसॅटला ५८ च्या आसपास अडकले आणि अख्खं वर्ष गेलं. पेपर इंग्रजी-हिंदीत, माझं शिक्षण वेंगुर्ल्यात मराठी मीडियमला, गणित कच्चं, त्यामुळे सगळी भिस्त पॅसेजवर, म्हणजे उतारा वाचून उत्तरं द्यायच्या प्रश्नांवर, आणि नेमके पॅसेजच चुकत होते. का चुकतात तेही कळायचं नाही कारण वाचलेलं समजत होतं, शब्दही फारसे अडत नव्हते. दोन ऑप्शन उडवायचे आणि उरलेल्या दोनातला चुकीचा धरायचा, दरवेळी हेच. कुणाला विचारावं तर "प्रॅक्टिस वाढव" एवढंच ऐकायला मिळायचं.

त्या दिवशी सराव संचात जपानवरचा पॅसेज होता, तोकुगावा शोगुनांनी, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशांनी, देश बाहेरच्यांसाठी कसा बंद केला त्याबद्दल. चारच्या चार प्रश्न चुकले आणि मी वही मिटून बसले होते. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर. पान ओढून घेतलंत, बघितलंत आणि म्हणालात "अरे हा तर साकोकु", म्हणजे जपानचं ते देश बंद ठेवायचं धोरण. तुम्ही जपानी भाषांतराची नोकरी सोडून अभ्यासाला आलात हे मला तेव्हाच कळलं.

मग तुम्ही पान उलटं ठेवलंत आणि म्हणालात, काय वाचलंस ते मराठीत सांग. मी म्हटलं, जपानने दोनशेपेक्षा जास्त वर्षं जगाशी सगळे संबंध तोडले. तुम्ही पान सरळ केलंत, "सगळे कुठे लिहिलंय, बोट ठेव". मी शोधत राहिले, कुठेच नव्हतं. उलट लिहिलेलं असं की १६३९ ला पोर्तुगीजांना घालवलं, १६४१ ला डचांना हिरादोहून उचलून नागासाकीच्या देजिमा बेटावर बसवलं, चिनी व्यापारी नागासाकीतच येत राहिले, कोरियाचा व्यवहार त्सुशिमा बेटामार्फत चालायचा. म्हणजे दार बंद नव्हतं, दारावर पहारा होता, कुणी कुठून आत यायचं आणि काय आणायचं ते सरकार ठरवत होतं. अगदी हेच दुसऱ्या ऑप्शनमध्ये होतं आणि मी ते उडवलं होतं, कारण शाळेपासून डोक्यात 'जपान बंद होता' हेच वाक्य बसलेलं. मी पॅसेज वाचून उत्तर देतच नव्हते ताई, आधीचं डोक्यातलं देत होते, हे मला पहिल्यांदा तिथे दिसलं.

दुसऱ्या प्रश्नात डचांना का राहू दिलं असं होतं, मी 'त्यांची ताकद कमी होती म्हणून' धरलेलं. तुम्ही परत बोट ठेवायला लावलंत. लिहिलं होतं की डच फक्त व्यापार करत होते, धर्मप्रचार करत नव्हते, आणि १६३७-३८ च्या शिमाबाराच्या उठावात बरेच ख्रिश्चन होते म्हणून शोगुनांना धास्ती बसली होती. तिथे तुम्ही सांगितलंत की त्या उठावात शोगुनाच्या सांगण्यावरून डचांच्या जहाजाने उठाववाल्यांच्या हारा किल्ल्यावर तोफा डागल्या होत्या. मी लगेच ते समासात लिहायला गेले तर तुम्ही थांबवलंत, हे मला माहितीये, पॅसेजला माहीत नाही.

हे वाक्य मी रोज आठवते.

आणि तिसऱ्या प्रश्नाने तर माझी खरी खोड मोडली. मी तोवर मनात पक्कं केलेलं की 'सगळे', 'कुणीही', 'कधीच' असे शब्द असलेला ऑप्शन उडवायचा, क्लासेसमध्ये पण असंच सांगतात. तो प्रश्न १६३५ च्या हुकुमाचा होता आणि ऑप्शन म्हणत होता की कुठल्याही जपानी माणसाला परदेशी जायची परवानगी नव्हती, मी उडवला. पॅसेजमध्ये तर स्वच्छ लिहिलेलं होतं, कुणीही बाहेर जायचं नाही आणि गेलेला परत आला तर देहदंड. तुम्ही म्हणालात की खरं तर त्सुशिमाचे लोक कोरियात बुसानला जाऊन राहायचे, म्हणजे इतिहास म्हणून बघितलं तर तू बरोबर असशील, पण इथे प्रश्न पॅसेजवर आहे. स्वतःला इतकं माहीत असताना ते बाजूला ठेवून समोरचा माणूस काय म्हणतोय तेवढंच ऐकायचं, हे तुम्हाला करताना बघितलं म्हणून मला जमलं, नुसतं सांगून जमलं नसतं.

चौथा सोडून देते, अमेरिकन नौदलाचा पेरी १८५३ ला जपानला आला त्याबद्दल होता आणि तो माझा निव्वळ घाईत चुकला होता.

पण पान संपल्यावर चहा प्यायला गेलो ते मी विसरणार नाही. तिथे तुम्ही सांगितलंत की साकोकु हा शब्दच मुळात हुकूम काढणाऱ्यांनी वापरला नव्हता, देजिमावर राहून गेलेला जर्मन डॉक्टर केम्पफर याच्या लिखाणाचं भाषांतर करताना शिझुकी तादाओ या जपानी भाषांतरकाराने तो १८०१ ला घडवला, 'सा' म्हणजे साखळी, 'कोकु' म्हणजे देश. तुम्ही टिश्यूवर पंख्याच्या आकाराचं देजिमा काढून दाखवलंत. १६७३ ला इंग्रजांचं जहाज नागासाकीला गेलं तर त्यांच्या राजाची राणी पोर्तुगीज आहे हे डचांनी आधीच कळवलेलं, म्हणून त्यांना परत पाठवलं, आणि ती राणी म्हणजे जिच्या हुंड्यात मुंबई गेली तीच कॅथरीन. मी चहा हातात धरून ऐकतच राहिले. मग तुम्ही विचारलंत, गाव कुठलं, मी म्हटलं वेंगुर्ला, आणि तुम्ही हसून म्हणालात, अगं मग देजिमावरचे डच तुझ्या गावचेच की.

ताई, वेंगुर्ल्यातली ती पडकी डच वखार मी लहानपणापासून बघतेय, झाडंझुडपं वाढलेली. वलंदेजांची, म्हणजे डचांची, वखार एवढंच माहीत होतं. देजिमावर मुक्काम ठोकलेली कंपनी आणि आमच्या गावात वखार घालणारी कंपनी एकच, हे कुणीच कधी जोडून दाखवलं नव्हतं. जपान मला परका विषय वाटायचा, त्या संध्याकाळनंतर वाटला नाही, आणि त्यानंतर पॅसेज कुठलाही असो, वाचायला बसताना छातीत धडधडायचं ते थांबलं.

तुमचा स्वतःचा अटेम्प्ट तोंडावर होता तेव्हा, तरी पुढचे तीन आठवडे रोज रात्री साडेनऊला तुम्ही माझा एक पॅसेज तपासलात. त्याचे पैसे तर सोडाच, कधी चहाचे पण तुम्ही मला देऊ दिले नाहीत.

मेन्स झाली की मी घरी जाणार आहे. तुम्हीही या, आईला सांगून ठेवलंय. पाऊस उघडल्यावर वखारीपर्यंत चालत जाऊ आणि देजिमाचं ते सगळं मला परत एकदा तिथे उभं राहून सांगा, तेव्हा मी लिहून घेईन.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची