पुस्तकाआधी वाचकाची चौकशी करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सादर नमस्कार.

‘काहीतरी चांगलं वाचायला सुचवा’ असं कोणी म्हटलं की तुम्ही लगेच पुस्तकाचं नाव सांगत नाही. हे पत्र मुख्यतः त्याबद्दलच्या आभाराचं आहे. नाव सांगून मोकळं होणं सोपं असतं आणि सांगणाऱ्याला बरंही वाटतं. तुम्ही आधी उलटतपासणी घेता: अलीकडे शेवटपर्यंत वाचलेली तीन पुस्तकं कोणती, आणि मधेच सोडलेली दोन कोणती? का सोडली?

यातला दुसरा प्रश्न खरा कामाचा. आवडत्या पुस्तकांबद्दल बोलताना चार लोकांत शोभणारी नावं आधी तोंडावर येतात. सोडलेल्या पुस्तकाबद्दल मात्र माणूस बिनधास्त खरं बोलतो. ‘पहिली साठ पानं नुसती वर्णनंच’ म्हणजे गती हवी. ‘एकही माणूस धड नाही’ म्हणजे निदान एका पात्राशी तरी सूर जुळायला हवा. ‘कोण कोणाचा कोण, तेच कळेना’ म्हणजे पात्रं मोजकी हवीत, नाहीतर सुरुवातीला वंशावळ छापलेली आवृत्ती शोधून द्यायला हवी. ‘वेळच मिळाला नाही’ हे उत्तर तुम्ही कधी धरत नाही, तेही बरोबरच. ज्याला वेळ मिळाला नाही त्याला पुस्तकाने धरून ठेवलं नाही, असं समजून पुढचा प्रश्न विचारायचा.

नुसता विषय विचारून पुस्तक सुचवलं तर ते हमखास फसतं, आणि त्याचं कारण तुम्ही नेमकं दाखवून दिलंत. एखाद्याला बोटीवरची कादंबरी आवडली, तर त्याला समुद्र आवडला असेलच असं नाही. बंद जागेत अडकलेली आठ-दहा माणसं आणि त्यांच्यातला वाढता ताण त्याला आवडला असू शकतो. मग त्याला नौदलाचा इतिहास देऊन उपयोग नाही. बर्फात अडकलेल्या तुकडीची किंवा रुग्णालयातल्या एका रात्रीची गोष्ट जास्त लागू पडेल. अमेरिकेतल्या ग्रंथपाल जॉइस सॅरिक्स यांनी गती, पात्रं, कथानक, वातावरण, सूर आणि भाषा अशा अंगांनी वाचकाची आवड ओळखायची रीत मांडली. तुम्ही ती कुठलेही जड शब्द न वापरता रोज राबवता. ‘रडवणारं हवं की हसवणारं?’ एवढंच विचारता आणि सूर कळतो.

मग तुमची शिफारस येते, आणि तीही तीनच पुस्तकांची. एक बहुधा आवडेलच असं, एक त्याच्या शेजारचं, आणि एक जरा लांब उडी मारायला लावणारं. वीस नावांची यादी दिली की लोक ती जपून ठेवतात आणि त्यातलं एकही पुस्तक उघडत नाहीत. तिनांतलं एक तरी हातात घेतलं जातं.

प्रत्येक नावापुढच्या तुमच्या टिपणाबद्दल तर वेगळे आभार मानायला हवेत. लेखक आणि नाव एवढ्यावर तुम्ही थांबत नाही. अनुवाद असेल तर अनुवादक कोण, पूर्ण आहे की संक्षिप्त, पानं किती, अक्षर बारीक आहे का, नकाशे किंवा टिपा आहेत का, हे सगळं दोन ओळींत येतं. संक्षिप्त आवृत्तीचा घोळ सगळ्यांत जास्त होतो. मुखपृष्ठावर तसं ठळक लिहिलेलं नसतं, आत श्रेयपानावर (प्रकाशक, आवृत्ती, साल यांची नोंद असते त्या पानावर) बारीक अक्षरात ‘संक्षेप’ असं असतं, आणि वाचणारा म्हणतो, ‘एवढं नावाजलेलं पुस्तक, पण फार तुटक वाटलं.’ म्हणून तुम्ही आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, देता. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी झाला, त्याआधी दहा अंकी असायचा. कापडी बांधणी, कागदी बांधणी, ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर क्रमांक तोच राहतो. एकाच कादंबरीचे दोन अनुवाद बाजारात असले तर गोंधळ टाळायचा हा सर्वांत खात्रीचा उपाय. जुन्या प्रतींवर क्रमांक नसतोच. तिथे प्रकाशक, साल आणि अनुवादक या तीन गोष्टी पुरतात.

आणि टिपणाची शेवटची ओळ: ‘कोणी वाचू नये’. पुस्तक सुचवणारे ही ओळ सहसा लिहीत नाहीत, कारण आपल्या आवडत्या पुस्तकाची बदनामी केल्यासारखं वाटतं. पण ‘मुलाच्या आजारपणाचं वर्णन सविस्तर आहे, सध्या घरात तशी परिस्थिती असेल तर नको’ किंवा ‘शेवट मोकळा सोडला आहे, उत्तर हवं असणाऱ्यांनी वाटेला जाऊ नये’ एवढं कळलं की ज्याला ते पुस्तक चालणार आहे तो निर्धास्तपणे घेतो. कथानक न फोडता हे सांगता येतं, हे तुमच्या टिपणांत दिसतं. घटना सांगायची नाही, ती किती तीव्र आहे ते सांगायचं. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, आणि वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांतले तीन. ‘कोणी वाचू नये’ ही एक ओळ तिन्ही नियम पाळते.

पुस्तक सोडायची परवानगी दिल्याबद्दलही आभार. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा पन्नास पानांचा नियम तुम्ही रुजवलात: पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पन्नास पानं द्यावीत, त्यापुढच्याने शंभरातून आपलं वय वजा करावं. चौसष्टाव्या वर्षी छत्तीस पानं पुरे. (शंभरी गाठलेल्याने मुखपृष्ठावरूनच ठरवायला हरकत नाही.) तुम्ही त्यात एक दुरुस्ती केलीत आणि ती आम्हाला मूळ नियमापेक्षा जास्त पटते. पन्नासाव्या पानावर ‘आवडतंय का?’ असं विचारायचं नाही, ‘पुढे काय होतं ते कोणी सांगितलं तर चालेल का?’ असं विचारायचं. चालेल असं उत्तर आलं तर पुस्तक ठेवून द्यावं. कथासंग्रहाला हा नियम लागू नाही. तिथे पहिली, मधली आणि शेवटची कथा वाचून ठरवावं.

शिकून आत्मसात केलेल्या भाषेत वाचणाऱ्यांना तुम्ही वेगळी कसोटी देता. भाषाशिक्षणाचे अभ्यासक हू आणि पॉल नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासात असं दिसलं, की कोणाच्या मदतीशिवाय कथा नीट समजायची तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे अडीचशे शब्दांच्या पानावर पाच अनोळखी शब्द, ही मर्यादा. मधलं कुठलंही पान उघडून बोटं मोजावीत. मूठ भरून वर आणखी शब्द उरले तर ते पुस्तक सध्या बाजूला. पहिलं पान मोजायला घेऊ नये, कारण तिथे लेखक बहुधा जास्त नटलेला असतो.

आता सवयीबद्दल. ‘दिवसाला पन्नास पानं’ असल्या संकल्पांना तुम्ही सुरुंग लावलात हे फार बरं झालं. पान हे माप प्रत्येक पुस्तकात बदलतं. शब्दांचं मापही आपल्या कामाचं नाही. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबर्ट यांनी २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र करून मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग कथेतर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द, कथात्मक मजकुरासाठी २६० शब्द असा काढला, पण तो इंग्रजीचा. आपल्याकडे ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द आहे, इंग्रजीत तिथे अनेक शब्द लागतील. म्हणून तुमची रीत सरळ: हातातलंच पुस्तक घ्या, सुरुवातीची दहा पानं सोडा, पंधरा मिनिटं लावून नेहमीसारखं वाचा, पानं मोजा. आठ झाली तर तासाला बत्तीस. ३२० पानांचं पुस्तक दहा तासांचं. रोज अर्धा तास दिला तर वीस दिवस. हा आकडा आधी कळला की तिसऱ्या दिवशी ‘अजून संपतच नाही’ असं वाटत नाही.

एकवीस दिवसांत सवय लागते हेही तुम्ही खोडून काढलंत. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्य कालावधी ६६ दिवसांचा होता. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. तो अभ्यास खाणं, पिणं आणि व्यायामाच्या सवयींचा होता, वाचनाचा नव्हता, हेही तुम्ही आठवणीने सांगता. त्यातला आपल्या उपयोगाचा भाग असा, की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. वाचन मोडतं ते चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचायला बसल्यामुळे.

वाचलेलं टिकावं म्हणून प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून, मागे न पाहता तीन ओळी लिहायला तुम्ही लावता. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगांत पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवडाभराने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. अधोरेखित करत जाणाऱ्यांनी यावर विचार करावा.

पण सगळ्यांत मोठं ऋण वाचताना सापडलेलं विषयानुसार टिपून ठेवायच्या तुमच्या टिपणवहीचं. विषयवार वही करणाऱ्यांचं काय होतं ते आपण सगळेच पाहतो. प्रत्येक विषयाला दहा पानं राखून ठेवतात, मग ‘प्रवास’ची पानं संपतात आणि ‘तत्त्वज्ञान’ कोरंच राहतं. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६८६ साली प्रसिद्ध केलेली सूचीची रीत यावर उतारा आहे: विषयाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर, एवढ्यावर सूचीतलं घर (चौकट) ठरवायचं. तुम्ही ती आपल्या बाराखडीवर बसवलीत, आणि ती तिथे मुळापेक्षा चपखल बसते.

नव्या वाचकांसाठी तुमची कृती इथे लिहून ठेवतो. वहीची सगळी पानं आधी क्रमांक घालून घ्यायची. पहिली दोन पानं सूचीसाठी. डावीकडे उभे क ते ज्ञ, वर आडवे सहाच रकाने: अ, आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. ऱ्हस्व-दीर्घ एकत्र ठेवायचे, कारण त्यावर आपल्यात एकमत होईपर्यंत वही संपेल. ‘दुष्काळ’ या विषयावर काही टिपायचं आहे? पुढचं कोरं पान घ्यायचं, समजा १४. तिथे टिपण लिहायचं आणि सूचीत ‘द’ची ओळ व ‘उ’चा रकाना जिथे मिळतात त्या घरात १४ लिहायचं. पुढे ‘दुकान’ किंवा ‘दुःख’ आलं तर तेही पान १४ वरच, समासात विषयाचं नाव लिहून. पान भरलं की त्या वेळी जे कोरं असेल ते घ्यायचं, समजा ३१. घरात १४ च्या पुढे ३१ आणि पान १४ च्या तळाशी ‘पुढे ३१’. आधी जागा राखायची नसल्याने एकही पान वाया जात नाही.

अडतं ते जोडाक्षरांशी. ‘प्रवास’ प-अ मध्ये, ‘स्त्री’ स-ई मध्ये: पहिलं व्यंजन आणि उच्चारातला पहिला स्वर. ‘मृत्यू’ उ-ऊ मध्ये, कारण तोंडाने आपण तसंच म्हणतो. ‘आठवण’सारख्या स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांसाठी तळाशी एक ओळ वेगळी. आणि प्रत्येक टिपणापुढे पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं साल, प्रकरण आणि पान. नुसतं पान लिहिलं की प्रत बदलताच ते निरुपयोगी होतं. प्रकरण कुठल्याही आवृत्तीत सापडतं.

सामूहिक वाचनातही तुम्ही हेच धोरण ठेवलंत. आठवड्याचा वाटा प्रकरणांत ठरवायचा, पानांत नाही. चर्चेच्या वर ‘प्रकरण ७ पर्यंत’ असं लिहायचं. तीन आठवडे वाचन आणि चौथा मोकळा, मागे राहिलेल्यांना गाठायला. हा मोकळा आठवडा नसला की मागे पडलेले लोक संकोचाने गप्प होतात आणि मग येतच नाहीत. मोबाइलवर वाचणाऱ्यांना ई-पब घ्या, पीडीएफ नको, हेही तुम्हीच सांगितलंत: ई-पबमध्ये अक्षर मोठं केलं तरी ओळी पडद्यात मावतात, पीडीएफमध्ये पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. शिवाय मराठी पीडीएफ युनिकोडच्या (संगणकावर अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये केलेली असेल तर त्यात शब्द शोधता येत नाही, मजकूर उचलला तर निरर्थक चिन्हं उमटतात.

एक मागणं आहे. तुमची टिपणं सध्या कथा-कादंबऱ्यांकडे झुकलेली आहेत. विज्ञान आणि इतिहासाच्या पुस्तकांसाठी ‘कोणी वाचू नये’सारखीच एक ओळ सुरू करा: यातलं काय आता जुनं झालं आहे. साल नव्या आवृत्तीचं आणि मजकूर चाळीस वर्षांपूर्वीचा, असं फार वेळा होतं. श्रेयपानावर ‘सुधारित आवृत्ती’ आहे की नुसती ‘दुसरी आवृत्ती’, आणि संदर्भसूचीतलं सर्वांत अलीकडचं साल कोणतं, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. हे पाहायचं काम आम्ही वाटून घ्यायला तयार आहोत. कोणत्या पुस्तकांपासून सुरुवात करायची ते कळवा.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुमच्या टिपणांवर वाचणारे,
आम्ही सगळे