काचबिंदूचं ऑपरेशन मोतीबिंदूसारखं नसतंय

संपादक साहेब, नमस्कार.

परवा रंकाळ्याकडं जाताना एका शिबिराचा फ्लेक्स बघितला, 'मोतीबिंदू-काचबिंदू ऑपरेशन, गेलेली नजर परत मिळवा', आणि डोकंच फिरलं. मोतीबिंदूचं ठीक आहे ओ, भिंग बदललं की दिसतंय. काचबिंदूत डोळ्यातल्या प्रेशरनं नस खराब होते, ती परत येत नाही, ऑपरेशन करायचं ते उरलेली नजर टिकवायला. आम्हाला पण हे कुणी धड सांगितलं नव्हतं.

वडील रोज गंगावेशीत दूध प्यायला जाणारे. पेल्यावरचा फेस दिसायचा, पण बाजूनं आलेली म्हैस अंगावर येईपर्यंत दिसायची नाही, आणि आम्ही आपले चष्म्याचा नंबर बदलत बसलो, दोन वर्षं गेली त्यात. तीन प्रकारचे ड्रॉप टाकून पण प्रेशर 28 च्या खाली येईना (नॉर्मल 10 ते 21 धरतात) मग ट्रॅबेक्युलेक्टॉमी केली. वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारकी वाट करून आतलं पाणी वरच्या पातळ पडद्याखाली सोडतात, तिथं फुगवटा राहतो. गंमत बघा, बाकी ऑपरेशनला जखम लवकर भरू दे म्हणतात, इथं ती भरून वाट बुजू नये म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध लावतात. त्यामुळं खरं काम नंतरच, पहिल्या महिन्यात आमच्या सहा फेऱ्या झाल्या, एकदा लेझरनं टाका सोडवला. आणि असा डोळा पुढं कधीही लाल झाला, दुखला, चिकट घाण आली तर त्याच दिवशी दवाखाना, मेडिकलमधनं ड्रॉप आणून बसायचं नाही.

वाट बुजलीच तर बारकी नळी बसवतात, अहमद व्हॉल्व्ह नावाची किंवा मदुराईच्या ऑरोलॅब कंपनीची. काहींना नुसत्या लेझरवर भागतंय, आजार कमी असला तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनबरोबरच स्टेंट, म्हणजे पाणी वाहायला अगदी बारीक नळी, टाकतात. आपल्याला यातलं कुठलं आणि का, हे टेबलावर झोपायच्या आधी विचारा, डॉक्टर चिडले तर चिडू देत.

हा आजार घराण्यात चालतो म्हणून धाकट्या काकांना ओढतच तपासायला नेलं, "मला सगळं दिसतंय की" म्हणत होते. प्रेशर 26 निघालं. त्यांचे ड्रॉप सुरू आहेत.

एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर