शब्द मात्र बोल

सदर, नागपूर
२७ मे

प्रिय मित्रा,

प्रभू येशूत सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा शेजारी चार माणसं बसलेली होती, मनासारखं बोलताच आलं नाही. फोन ठेवल्यापासून तुझं एकच वाक्य डोक्यात घोळतंय: "वाक्यं तोंडाने म्हणतो रे, पण आत काही हलत नाही."

ऑपरेशननंतर समुपदेशक बाईंनी तुला दहा वाक्यं लिहून दिली. मी सुरक्षित आहे. मी बरा होतोय. मी समर्थ आहे. त्यातलं एकही वाईट नाही, आणि त्या बाईंचं ऐकणं सोडू नकोस, गोळ्या तर मुळीच चुकवू नकोस. पण तू जे विचारलंस, की कॅथलिक माणसाने असं स्वतःलाच सांगत बसणं बरोबर आहे का, त्याचं उत्तर मला माझ्या अनुभवातूनच देता येईल.

नोकरी गेली त्या वर्षी मीही हेच केलं होतं, तुला कधी सांगितलं नाही. बावीस वर्षांची नोकरी, आणि एका दुपारी हातात पाकीट. मग मोबाइलवरचं बघून रोज सकाळी दाढी करताना आरशासमोर म्हणायचो, "मी यशस्वी आहे, मी खंबीर आहे." दहा वाजेपर्यंत टिकायचं. बर्डीच्या बाजारात कुणी ओळखीचा भेटला आणि "सध्या कुठे?" म्हणाला, की सगळं पार उतरायचं. कारण ते वाक्य उभं होतं माझ्याच जिवावर, आणि माझ्यात तर जीवच उरला नव्हता.

मग कन्फेशनला, फादरांपुढे पापं कबूल करायला गेलो. फादरांनी प्रायश्चित्त काय दिलं असेल? आठवडाभर एकच ओळ. "येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे." तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात दैवी दयेचं चित्र होतं ना, पांढऱ्या झग्यातला येशू, छातीतून लाल आणि फिकट किरणं निघालेली? त्याच्या खालची ओळ. १९३१ साली पोलंडमध्ये सिस्टर फॉस्तिना यांना दर्शन झालं, तेव्हा चित्र काढून त्याखाली हीच ओळ लिहायला सांगितली गेली, असं त्यांनी आपल्या रोजनिशीत नोंदवलंय. आपण तुझ्याकडे पोळ्या खाताना ती हजारदा वाचली असेल, पण म्हटली कधीच नव्हती.

फरक कुठे पडला सांगू? आरशासमोर मी माझ्याशीच बोलत होतो. या ओळीत समोर कुणीतरी आहे. मी खंबीर असो नसो, तो आहे. ज्या दिवशी भरवसा वाटत नाही त्या दिवशीही ही ओळ खोटी पडत नाही, कारण तेव्हा तीच मागणं होते.

फादर आणखी एक म्हणाले, "तुमच्या शाळेला ज्यांचं नाव आहे त्यांनीच हे शिकवलंय." मला खरंच लाज वाटली. संत फ्रान्सिस डी सेल्स म्हणजे आपल्याला २४ जानेवारीचा सण आणि कॅथेड्रलमधली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, एवढंच माहीत. त्यांनी १६०९ साली संसारी माणसांसाठी भक्तीचं एक पुस्तक लिहिलं. त्यात ते म्हणतात, बागेत फिरून आलेला माणूस चार-पाच फुलं खुडून घेतो आणि दिवसभर त्यांचा वास घेत राहतो. तसंच सकाळच्या प्रार्थनेतून एखादा विचार खुडून घ्यावा आणि कामाच्या गडबडीत अधूनमधून हुंगावा. मठातल्या माणसांसाठी नाही रे, तुझ्यामाझ्यासारख्यांसाठी लिहिलंय हे. त्यांच्याही बाराशे वर्षं आधी संत ऑगस्टिन यांनी प्रोबा नावाच्या विधवेला पत्रात कळवलं होतं, की इजिप्तमधले तपस्वी बाणासारख्या झटकन सोडलेल्या छोट्या प्रार्थना करतात, म्हणजे लांबण लागून मन पेंगत नाही. आपल्या वाड्यातल्या आजी भाजी निवडताना "राम कृष्ण हरी" म्हणायच्या, आठवतं? एकीकडे मेथी, एकीकडे नाम. तेव्हा आपण नुसतं बघायचो.

आता मी कसं करतो ते सांगतो. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागलाय, सकाळी पावणेसहालाच कूलरची टाकी भरायला घ्यावी लागते. पाइप आत सोडला की पंधरा-वीस मिनिटं तिथून हलता येत नाही, नाहीतर पाणी सगळं गॅलरीभर. पूर्वी ती वेळ मोबाइलमध्ये जायची. आता श्वास घेताना "येशू", सोडताना "माझा तुझ्यावर भरवसा आहे". टाकी रिकामी असताना पत्र्यावर खणखण आवाज येतो, मग हळूहळू जड होत जातो, आणि वाळ्याच्या ताट्या भिजल्या की पहिला गार वास येतो. आता दुपारी दुकानात कूलर लावला आणि तो वास आला, की ओळ आपोआप ओठांवर येते. मी आठवत नाही, वासच आठवण करतो. तूही तुझं असंच एक ठरलेलं काम शोध. गोळ्यांची डबी उघडणं घे हवं तर, दिवसातून तीनदा उघडतोसच.

आणि दहा वाक्यं नकोत. एक घे, निदान महिनाभर तेच ठेव.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त सांगायची होती. मिस्सेत ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर घ्यायला जाण्याआधी आपण काय म्हणतो? "प्रभो, तू माझ्या छपराखाली यावं अशी माझी योग्यता नाही." मोबाइलवाले सांगतात, रोज म्हणा, मी योग्य आहे. आणि चर्च आपल्याला म्हणायला लावतं, मी योग्य नाही! मला हे फार टोचायचं. नोकरी गेलेल्या माणसाला आणखी काय ऐकवायचं? पण एका रविवारी पुढचा अर्धा भाग कानात शिरला: "पण तू शब्द मात्र बोल." हे मत्तयच्या शुभवर्तमानातल्या त्या रोमी शताधिपतीचे, शंभर शिपायांच्या नायकाचे शब्द; आजारी चाकराला बरं कर म्हणून तो येशूकडे आला होता. योग्यता नाही म्हणून तो घरी परत गेला नाही, तिथेच उभा राहून शब्द मागितला. आपणही योग्य नाही असं म्हणतो आणि लगेच रांगेत पुढे सरकतो. त्या दिवशी मी रांगेत रडलो, मागच्या माणसाने खांद्यावर हात ठेवला.

तेव्हापासून ही वाक्यं मी त्याने माझ्याशी बोललेला शब्द म्हणून ऐकतो. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा ४३वा अध्याय काढून पहिली ओळ वाच. "भिऊ नको" आहे, आणि शेवटी "तू माझा आहेस". रात्री तीनला छातीत धडधडून जाग येते म्हणालास ना? तेव्हा "मी सुरक्षित आहे" म्हणण्याची ताकद नसेल तर म्हणू नकोस. नुसता पडून राहा आणि "तू माझा आहेस" हे तो तुला म्हणतोय असं ऐक. तुझं नाव घालून ऐक. आई हाक मारायची तेच नाव.

इथे मे महिनाभर संध्याकाळी घरोघरी रोझरी, मरियेची जपमाळ, चाललीय. आज आमच्याकडे आहे, माळेतला पाचवा भाग, पाचवं रहस्य, तुझ्यासाठी ठेवलंय. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. रविवारी मिस्सा झाली की फोन करतो, तोपर्यंत कुठली ओळ घेतलीस ते ठरवून ठेव. मीही महिनाभर तीच म्हणेन.

तुझाच,
बाकावरचा जोडीदार