ट्रेडमिलच्या आधी एक रबरी पट्टा घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी जिम कशी करायची यावरचा लेख आला आणि तेव्हापासून आमच्या घरात वाद चालू आहे, म्हणून लिहितेय. ट्रेडमिल, सायकल, क्रॉस ट्रेनर, डंबेल, सगळ्यांचे फोटो होते, पण यातलं कुणी काय घ्यावं आणि मुळात घ्यावं का, यावर एक ओळ नाही. आमच्या ह्यांनी तो पेपर घडी करून टीव्हीपाशी ठेवलाय, ट्रेडमिलच्या फोटोभोवती पेनाने गोल काढून.

मशीनवर शेवटी कपडे वाळत पडतात हा विनोद आता पुरे झाला असं मला वाटतं, कारण त्यात सगळा दोष माणसाच्या आळसावर जातो. आमच्याकडे आधी एक एक्सरसाइज सायकल होती. मी ती नेमाने चालवायचे, पण सीट फार खाली होतं आणि महिन्याभरात गुडघे बोलायला लागले. पेडल अगदी खाली गेलं की गुडघा जरासाच वाकलेला राहिला पाहिजे, हे मला कुणी सांगितलं तेव्हा सायकल देऊन झाली होती! आळस नव्हता हो, माहिती नव्हती.

तर माझा मुद्दा असा की मशीन बघायच्या आधी बघायचं की आपल्या अंगाचं कुठलं काम जमीन, भिंत आणि स्वतःचं वजन यांच्यावर भागत नाही. ढकलायचं काम भागतं, जोर काढताना जवळपास दोन तृतीयांश वजन हातांवर येतं आणि तेवढं झेपत नसेल तर भिंतीला हात लावून उभ्याने सुरुवात करता येते. पायांचं पण भागतं, खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा करून बघा, दहाव्या वेळेला कळेल. पण ओढायचं काय? पाठ आणि दंडाची पुढची बाजू यांना ओढायचं काम लागतं आणि मोकळ्या जमिनीवर ओढायला काहीच नसतं, त्यामुळे घरी व्यायाम करणारे बहुतेक लोक नुसतं ढकलत राहतात, पाठ तशीच राहते. म्हणून पहिली खरेदी ओढायच्या वस्तूची करा. रेझिस्टन्स बँड म्हणजे तो रबरी पट्टा, नाहीतर अंगात ताकद असेल तर दाराच्या चौकटीत बसणारा, लटकून अंग वर ओढायचा बार. पट्टा जितका ताणाल तितका जड होत जातो आणि ड्रॉवरमध्ये मावतो. फक्त तो दारात अडकवायचा असेल तर आपल्याकडे उघडणाऱ्या दारात अडकवू नका, आणि रबराला बारीक चिरा दिसल्या की सरळ फेकून द्या, तुटला तर थेट तोंडावर येतो.

डंबेलचं थोडक्यात सांगते. एकाच वजनाची जोडी घेतली की खांद्याला ती जड होते आणि पायांना काहीच वाटत नाही, तेव्हा वजन कमी-जास्त करता येणारी घ्या नाहीतर थांबा.

आता ट्रेडमिल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात, भरभर चालणं त्यात धरलंय, पण त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम पण सांगितलाय आणि हे वाक्य सगळे विसरतात. चालायला आमच्या ह्यांना बाहेर रस्ता आहे, पाय धड आहेत, कुणी अडवत नाही, मग जे फुकट मिळतंय तेच घरात आणून बसवायचं कशाला? (ट्रेडमिल 1818 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये कैद्यांना राबवायला काढलं होतं हेही मी त्यांना सांगून बघितलं, उपयोग नाही.) पण ज्यांना लहान बाळ किंवा आजारी माणूस सोडून घराबाहेर पडता येत नाही, किंवा अंधारात एकटीने बाहेर जायची भीती वाटते, त्यांच्यासाठी ट्रेडमिल हीच योग्य खरेदी आहे, त्यांनी माझं ऐकू नये. त्यांनी घेताना मोटरची ताकद 'पीक' (क्षणभराची) नाही तर 'कंटिन्युअस' (सतत टिकणारी) किती ते विचारावं, वजनाची मर्यादा आपल्या वजनाच्या बरीच वर असावी, पळायचं असेल तर पट्टा लांब लागतो, मागे मोकळी जागा लागते, आणि खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर धपधप खाली ऐकू जाते. घरात मूल असेल तर काम झालं की सेफ्टी की (ती काढली की मशीन चालत नाही) काढून उंचावर ठेवायची, चालू पट्ट्यात बोटं गेली तर फार वाईट भाजतं. पट्ट्याखाली अधूनमधून सिलिकॉन तेल पण घालावं लागतं, हे तुमच्या लेखात यायला हवं होतं असं मला फार वाटलं.

पुढच्या वेळी फोटोंच्या बाजूला एवढं तरी छापा, ही विनंती.

आमच्याकडे सध्या ट्रेडमिलची जागा मोजून झालीये. तिथे कपाट आहे, ते दोन फूट ओढायला लागणार, आणि ते ह्यांच्याने ओढलं जात नाहीये.

आपली,
एक नियमित वाचक