खड्डे कुठल्या प्रकारचे आहेत ते आधी बघा, मग पैसे भरा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

तुळशीची लग्नं लागली की तुमच्या पेपरच्या पुरवणीत चेहऱ्याच्या ट्रीटमेंटच्या जाहिराती वाढतात, पिंपल्सचे खड्डे कायमचे घालवा, अर्ध्या किमतीत लेझर, ऑफर चारच दिवस. तीन वर्षांपूर्वी अशीच एक जाहिरात बघून मी पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये गेले होते म्हणून हे पत्र लिहितेय. माझं लग्न ठरत होतं, दोन्ही गालांवर कॉलेजपासूनचे खड्डे, आणि बघायला आलेल्या एका बाईंनी आईला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं होतं की मुलीला देवी आल्या होत्या का. ते ऐकल्यावर माणूस शांत डोक्याने विचार नाही करू शकत.

क्लिनिकमध्ये डॉक्टरच्या आधी काउन्सेलर भेटली. तिने मोबाईलवर माझा फोटो काढला आणि सहा सीटिंगचं लेझर पॅकेज सांगितलं, 42 हजार, ईएमआय पण करून देतो म्हणाली. तेव्हा माझ्या हनुवटीवर ताजे पिंपल्स होते, ते आधी थांबवायला हवेत असं कोणी बोललंच नाही. दुसऱ्या सीटिंगनंतर गालांवर काळे चट्टे पडले, कारण मी रोज गाडीवरून वीस किलोमीटर जाऊन-येऊन नोकरी करते आणि ऊन अजिबात चालणार नाही हे मला कळलं ते चट्टे पडल्यावर. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला जरा जरी भाजलं तरी ती काळी पडते, आणि तो काळेपणा जायला महिनोन् महिने लागतात. उरलेल्या सीटिंगचे पैसे परत मिळाले नाहीत.

मग मावसबहिणीने हाताला धरून सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत नेलं. केसपेपर काढला, दोन तास लाइनीत बसलो. मॅडमनी मला खिडकीशी उभं केलं, बाजूने उजेड पडेल असं, आणि दोन बोटांनी गाल ताणून बघितला, म्हणाल्या, "अगं, हे सगळं एकच नाहीये." इतकी वर्षं माझ्या चेहऱ्याकडे असं नीट कोणी बघितलंच नव्हतं, मला तिथेच रडू आलं.

त्यांनी जे समजावलं ते मला सगळ्या मुलींना (आणि मुलांनाही, त्यांना तर बिचाऱ्यांना हे बोलताही येत नाही) सांगायचंय. लाल किंवा काळा सपाट डाग म्हणजे खड्डा नव्हेच, तो सनस्क्रीन आणि साध्या क्रीमने हळूहळू फिका होतो, त्यासाठी लेझरवर हजारो घालवायची गरज नाही. खऱ्या खड्ड्यांचे मुख्य प्रकार तीन. एक सुईने टोचल्यासारखं अरुंद आणि खोल भोक, याला आइसपिक म्हणतात, त्याच्या तळापर्यंत लेझर नीट पोचत नाही, तिथे टीसीए नावाचं स्ट्राँग ॲसिड टोकदार काडीने फक्त त्या भोकात टेकवतात, खपली धरते आणि काही आठवड्यांत ते आतून भरत येतं. (हे घरी कोणी कृपया करू नका, ॲसिड बाजूला पसरलं तर नवीन डाग होतो.) दुसरा रोलिंग, लाटेसारखा उथळ खोलगट, गाल ताणला की दिसेनासा होतो, त्यात चामडी आतल्या तंतूंनी खाली ओढलेली असते, म्हणून जागा बधिर करून सुई आत घालतात आणि ते तंतू तोडतात, याला सबसिजन म्हणतात, आठवडाभर गाल सुजतो, निळा पडतो. तिसरा बॉक्सकार, उभ्या कडांचा, त्याला मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (बारीक बारीक ठिपक्यांत मारलेलं लेझर) चालतं. माझ्या गालांवर तिन्ही होते, आणि क्लिनिकने सगळ्यावर एकच मशीन फिरवलं होतं. मला तर वाटतं जाहिरात फक्त मशीनचीच होते, सुई आणि काडीची कोण करणार.

आणि वेळ! मॅडमनी आधी चार-पाच महिने फक्त पिंपल्स थांबवले. मला आयसोट्रेटिनॉइनची गोळी होती, ती चालू असताना आणि बंद केल्यावरही निदान महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात, बाळात व्यंग येऊ शकतं, लग्न ठरलेल्या मुलींनी हे लक्षात ठेवाच. त्यानंतर सबसिजन, मग नीडलिंग, प्रत्येक वेळी मध्ये महिना-दीड महिन्याचं अंतर, आणि आत नवीन कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला अजून काही महिने. म्हणजे लग्नाच्या महिनाभर आधी सुरू करून काही उपयोग नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पूर्ण जाणार नाही, निम्म्याहून जास्त सुधारेल, आणि खरंच तेवढंच झालं, त्यात मी खूश आहे.

अजून एक. माझी एक मैत्रीण मेडिकलमधून गोरं करायची ट्यूब आणून वर्षभर लावत होती, त्यात स्टेरॉइड होतं. चेहरा लाल, कातडी पातळ, आणि ट्यूब बंद केली की पिंपल्स दुप्पट. 2018 मध्ये सरकारने त्वचेला लावायची 14 स्टेरॉइड्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत, पण आमच्याकडे अजून नुसतं नाव सांगितलं तरी देतात.

संपादक साहेब, जाहिरातींवर पेपर चालतो हे मला कळतं. पण जिथे डॉक्टरचं नाव, डिग्री आणि मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर नाही अशी जाहिरात तरी तुम्ही घेऊ नका, आणि लग्नसराईच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, एखाद्या स्किनच्या डॉक्टरांकडून त्याच पुरवणीत यावर पानभर लिहून घ्या. केईएम, सायन, ससूनसारख्या हॉस्पिटलांत स्किनचा वेगळा विभाग असतो आणि तिथे साध्या केसपेपरवर दाखवता येतं, हे सुद्धा माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या कित्येक मुलींना माहीत नाहीये.

आपली एक नियमित वाचक,
सातारा जिल्हा