भाड्याचा प्रिंटर आणि घरातल्या कागदांची नोंद

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी इंदिरानगरात राहणारी निवृत्त शिक्षिका असून घरी दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. सरावपत्रिका काढण्यासाठी गेल्या दिवाळीनंतर मी एका विक्रेत्याकडून प्रिंटर मासिक भाड्याने घेतला. महिन्याला शंभर पाने, शाई आणि दुरुस्ती त्यांच्याकडे, करार दोन वर्षांचा. ही पद्धत मुळातच वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. आमचा जुना प्रिंटर मे महिन्याच्या सुट्टीत बंद राहिला की शाई वाळून बसायची, आणि नव्या कार्ट्रिजच्या जोडीची किंमत ऐकून दर वेळी वाटायचे की यात थोडी भर घातली तर नवे यंत्रच येईल. भाड्याच्या यंत्राने ही कटकट खरोखर मिटवली, आणि शाई संपायच्या आत नवी घरपोच येते, हेही मी प्रामाणिकपणे नोंदवते.

अडचण सुरू झाली ती फेब्रुवारीत. बोर्डाची परीक्षा आठवड्यावर आली असताना आमच्या गल्लीत रस्ता खोदताना इंटरनेटची केबल तुटली. संध्याकाळी आठ मुले जमली होती, ट्रेमध्ये कागद होता, शाई तीन दिवसांपूर्वीच बदललेली होती आणि लॅपटॉप वायरने थेट यंत्राला जोडलेला होता. तरीही नारिंगी दिवा लुकलुकत राहिला आणि पडद्यावर ‘इंटरनेटला जोडा’ एवढीच सूचना येत राहिली. शेवटी एका विद्यार्थ्याला पेन ड्राइव्ह देऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवले. विक्रेत्याला विचारल्यावर कळले की भाड्याचे यंत्र कायम कंपनीच्या संपर्कात असावे लागते आणि ही अट करारात आहे. करार काढून पाहिला. अट होती, अकराव्या पानावर, बारीक इंग्रजी अक्षरांत.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे एप्रिलमध्ये घडली. माझ्या नणंदेला तपासणीसाठी मुंबईला न्यायचे होते, म्हणून तिचे सगळे रिपोर्ट मोबाइलवरून फोटो काढून रात्री छापून घेतले. पुढच्या आठवड्यात विक्रेत्याच्या कार्यालयातून एका मुलीचा फोन आला, अगदी अदबीने: “मॅडम, या महिन्यात तुमच्याकडे मोबाइलवरून फोटो बरेच छापले गेलेत, तुम्ही आमची फोटोची योजना घ्या ना.” त्या मुलीचा काही दोष नाही, तिच्यासमोरच्या पडद्यावर जे दिसले ते ती वाचत होती. मात्र आमच्या घरात कोणत्या प्रकारचा कागद, कोणत्या उपकरणावरून छापला गेला, हे तिला दिसत होते. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवले नव्हते. आमच्या त्या दिवसांची कुठे तरी नोंद झाली आणि तिचा उपयोग वरची योजना विकण्यासाठी झाला, हे मला आजही सहन होत नाही.

हा प्रकार केवळ एका विक्रेत्यापुरता नाही. एचपी या कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेत घरगुती प्रिंटर भाड्याने देण्याची योजना आणली, तेव्हा सर्वांत लहान योजना महिन्याला 20 पानांची, 6.99 डॉलरची होती आणि सर्वांत मोठी 700 पानांची. करार दोन वर्षांचा, मुदतीआधी सोडल्यास 270 डॉलरपर्यंत आकार, आणि यंत्र इंटरनेटला जोडलेले ठेवणे बंधनकारक. किती पाने छापली याबरोबरच ती वर्ड, पीडीएफ, जेपीईजी यांपैकी कोणत्या प्रकारची होती आणि कोणत्या तऱ्हेच्या उपकरणावरून आली, ही माहितीही कंपनीकडे जाईल, असे तिच्या अटींतच लिहिलेले होते.

पानांवर पैसे आकारायचे तर पाने मोजावी लागणारच, हे मान्य आहे. पण ती मोजणी आपल्याकडे नवी नाही. कचेऱ्यांमध्ये आणि शाळांमध्ये कराराने ठेवलेली झेरॉक्स मशीन वर्षानुवर्षे चालत आली आहेत. मी ज्या शाळेत होते तिथे महिनाअखेरीस कंपनीचा माणूस यायचा, मशीनमधून मीटरचे एक पान काढायचा, मागचा आकडा वजा करायचा आणि कारकुनाची सही घेऊन बिल करायचा. त्या मशीनवर प्रश्नपत्रिका निघाल्या की पगारपत्रके, हे त्याने कधी विचारले नाही आणि त्याला ते कळण्याचा मार्गही नव्हता. घरगुती प्रिंटरमध्येही असा मीटर असतोच. महिन्यातून एकदा तो आकडा आणि शाईची पातळी कळली की बिल होते, शाईही वेळेवर पाठवता येते. मग फोटो की पत्र, मोबाइल की लॅपटॉप, ही नोंद कशासाठी?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात याचे उत्तर जवळपास तयार आहे. त्याच्या सहाव्या कलमानुसार ग्राहकाची संमती ठरलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. कायद्यातच दिलेले उदाहरण असे की, डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने मोबाइलमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि माणसाने होकार दिला, तरी ती यादी वैद्यकीय सल्ल्यासाठी लागत नसल्याने तो होकार तेवढ्यापुरता धरला जात नाही. भाड्याच्या प्रिंटरला हे उदाहरण तंतोतंत लागू पडते, असे माझे मत आहे. शिवाय, कोणती माहिती कशासाठी घेतली जाते याची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय ग्राहकाला दिली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असली, तरी चार पानांची मराठी सूचना छापायला विक्रेत्यांनी शेवटच्या तारखेची वाट पाहण्याचे कारण नाही.

मुदतीआधी करार सोडण्याच्या दंडाबाबत 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे. प्रत्यक्ष नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारा करार त्यात ‘अनुचित करार’ ठरू शकतो. मात्र अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे न करता राज्य आयोगाकडे करावी लागते, आणि महिन्याच्या काही शे रुपयांसाठी तेवढी धावपळ करणारा ग्राहक विरळाच. म्हणून निदान 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, अशी माझी वाचकांना विनंती आहे. शहरातील ग्राहक संघटनांनी असे करार मागवून एकदा वाचून पाहावेत, अशी विनंती त्यांनाही आहे.

माझ्या विक्रेत्याला मी लेखी पत्र दिले आहे. पानांच्या आकड्याखेरीज आमच्या घरातली इतर नोंद थांबवावी आणि आधीची पुसावी, इंटरनेट बंद असतानाही यंत्र निदान आठ-दहा दिवस चालू राहावे, आणि कराराची मराठी प्रत द्यावी, एवढेच त्यात मागितले आहे. करार संपायला अजून चौदा महिने आहेत. तोपर्यंत घरातले औषधपाण्याचे आणि बँकेचे कागद मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणते. विक्रेत्याचे उत्तर आल्यास आपल्याला जरूर कळवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक